खांदेश्वरची सिंगल कॉलम

“काका, तुमच्याकडे बातमी आहे का एखादी? पण साधी पायजे हां. एकदम साधी.”

दारात मनस्वी उभी होती, शाळेच्या युनिफॉर्ममध्येच. तिच्या मागे जिन्याचा कठडा धरून तिचे आजोबा, गोटीराम. श्यामसुंदर बांदिवडेकर बनियनवर बसून जुईनगरच्या पाणीकपातीच्या चार ओळी टाइप करत होता. बातमी छापा म्हणून लोक त्याच्या दारात येत, छापू नका म्हणूनही येत. पण वाचायला बातमी द्या, असं म्हणत आजवर कोणी आलं नव्हतं.

“मालक, आत या ना,” तो गडबडीने सदरा चढवत म्हणाला. बिल्डिंग गोटीरामांची होती. सानपाडा गावात जिथे पूर्वी त्यांचं भातशेत होतं, नेमकी तिथेच उभी. वर ते आणि त्यांचं कुटुंब, खाली भाडेकरू.

“मी काय बसत नाय, भाऊ. पोरीचा बगा जरा. रोज शालेत एक बातमी नेते नि रोज परत घेऊन येते. बाईला एक पन पसंत नाय. आमच्या टायमाला पोरगी बगायला पन येवरी नाटका नवती!”

“आजोबा, थांबा ना तुम्ही!” मनस्वी खाली फरशीवरच बसली. “काका, इकॉनॉमिक्सची कॉमेंटरी लिहायचीय. एक बातमी निवडायची आणि त्यात जे झालं ते थिअरी लावून आपण समजवायचं. पहिली मी रेपो रेटची नेली. वैदेही मॅम म्हणाल्या, यात सगळं अ‍ॅनालिसिस पत्रकारानेच करून ठेवलंय, तू काय करणार? मग जागतिक मंदीची नेली. तर म्हणे, एवढ्याशा कॉमेंटरीत अख्खं जग कुठे बसवशील? बातमी पास करून घ्यायला शुक्रवार लास्ट डेट आहे. गेल्या वर्षभरातली पायजे, एकाच गोष्टीवरची, आणि फक्त काय झालं तेवढंच सांगणारी.”

फक्त काय झालं तेवढंच.

श्यामसुंदरने तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. ‘खाडीवार्ता’चे संपादक बाजीराव गेली कित्येक वर्षं त्याला याच गोष्टीवरून झापत आले होते. “श्याम, तू बातमी देतोस की हजेरी लावतोस? मसाला टाक रे! मत दे काहीतरी!” पण त्याला ते जमायचं नाही. पाहिलं ते लिहायचं, विचारलं ते लिहायचं आणि थांबायचं. त्याच्या बातम्यांवर नाव यायचं ‘वार्ताहर’. वार्ताहर कोण, हे त्याच्या सासऱ्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

*सानपाडा, मंगळवार : येथील रहिवासी श्यामसुंदर बांदिवडेकर यांच्या खाटेखालील जुन्या अंकांचा गठ्ठा आज बाहेर काढण्यात आला. पत्नी सुमेधा यांनी धुळीबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. जीवितहानी नाही.*

ही त्याची खोडच होती. स्वतःच्या घरात काही घडलं, तरी मनात आधी त्याची बातमी तयार व्हायची.

मनस्वी पानं उलटत होती. सुमेधा नाक पदराने झाकून चहा ठेवायला गेली. आणि एकदम मनस्वी ओरडली, “ही! काका, ही!”

ढेकूण मारायच्या औषधाच्या जाहिरातीखाली चेपलेली सिंगल कॉलम होती ती. खांदेश्वर स्टेशनजवळच्या एका खाजगी पार्किंगवाल्याने स्कूटरचे दर दुप्पट केले. आठवड्याभरात पार्किंग निम्मं रिकामं. जवळच राहणाऱ्या राहीबाईंनी अंगणातल्या कुंड्या हलवल्या आणि स्कूटरी ठेवून घ्यायला सुरुवात केली, तीही जुन्या दरात. मग शेजारच्या दोघांनी आपापली अंगणं उघडली. महिन्याने पार्किंगवाल्याने दर खाली आणले.

“किंमत वाढली, डिमांड पडली, सब्स्टिट्यूट आला, मग सप्लाय वाढला...” मनस्वी बोटांवर मोजत होती. “आणि काका, तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाहीये!”

“राहिलं असेल लिहायचं,” श्यामसुंदर ओशाळून म्हणाला.

इथेच घोळ झाला. पोरगी आनंदाने टुणटुणत वर गेली. गुरुवारच्या तासाला ती बातमी मॅमना दाखवणार होती. पण याच्या मनात ते ‘काहीच लिहिलेलं नाहीये’ कुसळासारखं रुतून बसलं. एवढ्या मोठ्या शाळेत आपली बातमी जाणार, आणि ती अशी अर्धीमुर्धी? बुधवारी त्याने मनस्वीचं जाडजूड पुस्तक मागून घेतलं, “सहज चाळतो,” म्हणून. दिवसभर वाचलं. नाही समजलं ते पुन्हा वाचलं. संध्याकाळी त्याने खांदेश्वरची बातमी नव्याने लिहून काढली. मागणीची लवचिकता आली, पर्यायी सेवा आली, बाजाराचा समतोल आला. बिचाऱ्या राहीबाई दुसऱ्या परिच्छेदात ‘नवप्रवेशित पुरवठादार’ झाल्या.

मजकूर ‘खाडीवार्ता’ला पाठवताच बाजीरावांचा फोन आला. “श्याम! अरे, तूच लिहिलंस ना हे? चार कॉलम देतो. वर नाव टाकतो तुझं!”

गुरुवारी सकाळी ते नाव छापून आलं. श्यामसुंदर बांदिवडेकर. सुमेधाने अंक दोनदा उघडला, दोनदा मिटला आणि शिरा केला. मनस्वी शाळेला निघाली होती. त्याने जिन्यातच तिच्या हातात ताजा अंक कोंबला.

“ही दाखव. ती जुनी फेकून दे.”

“पण काका, ती...”

“अगं, ही चांगली आहे. नाव आहे हिच्यावर.”

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने अंक दप्तरात टाकला.

दुपारी ती परत आली तेव्हा गोटीराम कट्ट्यावर बसले होते. श्यामसुंदर तिथेच घुटमळत होता, सहज उभं असल्यासारखा.

“काय म्हणाल्या?”

“रिजेक्ट.” ती बुटाच्या टोकाने फरशी घासत होती. “म्हणाल्या, यात सगळं उत्तर आधीच लिहिलंय. रेपो रेटवाल्यासारखंच. सॉरी, काका.”

मग गोटीरामांचं पोट हलायला लागलं. हसू आवरता आवरेना.

“भाऊ, पोरीचा पेपर तुमीच सोरवला! आता तिनी काय करायचा? तुमच्या नावाखाली सही?”

मनस्वीही फिसकन हसली. श्यामसुंदर हसला नाही. पण तोंड पाडायलाही त्याला वेळ नव्हता. उद्या शुक्रवार होता.

“ती जुनी फेकलीस का गं?”

“वेडे झालात का? वहीत ठेवलीय.”

“उद्या ती दाखव. आणि मी काहीही दिलं तरी घेऊ नकोस माझ्याकडून.”

*खुलासा : आजच्या अंकातील खांदेश्वरच्या चार कॉलमी बातमीत वार्ताहराचे नाव होते, राहीबाई नव्हत्या. त्याबद्दल वार्ताहर दिलगीर आहे.*

हा खुलासा कुठे छापून आला नाही. तो त्याने अंघोळ करताना तयार केला.

शुक्रवारी त्याला जासईला जायचं होतं. कंटेनरच्या ट्रेलरांची रांग गावातल्या रस्त्यावर आली होती. एका ड्रायव्हरला तो विचारत होता, कधीपासून उभे आहात, जेवलात कुठे. नेहमीचे प्रश्न. पण लक्ष खिशातल्या फोनकडे. एकच प्रश्न त्याने दोनदा विचारला. ड्रायव्हर वैतागला. तेवढ्यात फोन थरथरला. मनस्वीचा व्हॉइस मेसेज, मागे शाळेचा गलका.

“काका, अप्रूव्ड! मॅम वाचून हसल्याच. म्हणाल्या, या माणसाने काहीच सांगितलेलं नाही, आता तुलाच सगळं सांगावं लागणार! काका, ऐकताय ना? पास झाली तुमची बातमी!”

त्याने तो निरोप पुन्हा लावला. मग आणखी एकदा, जरा मोठ्या आवाजात.

“क्या हुआ साहब? लॉटरी?” ड्रायव्हरने विचारलं.

“मैं पास हो गया. इकॉनॉमिक्स में.”

ड्रायव्हरने त्याच्या पिकल्या केसांकडे पाहिलं आणि केबिनमधून वाकून गंभीरपणे हात मिळवला.

पुढच्या रविवारी गोटीराम खाली आले ते हातात जिताडा घेऊनच. ताजा, चांगला हातभर लांब.

“आमच्यात कोनाला मान द्यायचा तं जिताडाच देतान. वैनी, रस्सा पातल ठेवा. नि भाऊंना डोकी द्या, डोका लय चालवतान ते.”

“अहो, हे कशाला मालक,” सुमेधा म्हणाली, पण मासा तिने लगेच उचलला. कोकणातलीच ती. तो हातात तोलूनच तिचा चेहरा खुलला.

मनस्वीने कॉमेंटरी आणली होती. वर तिचं इंग्रजी लिखाण, मग बातमीचं भाषांतर, आणि शेवटी मूळ कात्रणाची मोठी केलेली प्रत. कात्रण सगळं पिवळंधमक झालं होतं.

“हे काय?”

“जे जे वापरलं ते हायलाइट करायचं असतं, काका. परीक्षकांना दिसायला पायजे.”

श्यामसुंदरने चष्मा लावला. दर वाढले, पिवळं. निम्मं रिकामं, पिवळं. राहीबाई, कुंड्या, अंगण, सगळं पिवळं. ज्या ओळी त्याने खांदेश्वरच्या उन्हात उभ्याने लिहून घेतल्या होत्या, त्यातली एकेक या पोरीच्या कामी आली होती. फक्त एक ओळ पांढरी राहिली होती. शेवटची.

“ही सोडलीस?”

“तिचं काही होत नाही ना, काका. मी खूप ट्राय केलं. मॅमनीसुद्धा केलं. त्या म्हणाल्या, ओळ मस्त आहे, पण हिला थिअरी नाही.”

“मग काढून टाकायची होतीस.” जागा कमी पडली की बाजीराव खालून कापायचे. शेवटच्या ओळी जायच्या, ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं. त्या दिवशी ढेकणांच्या औषधाची जाहिरात थोडी आखूड आली म्हणून ही वाचली होती.

“नाही काढता येत,” मनस्वी म्हणाली. “रूल आहे. बातमी जशी छापली तशीच लावायची. एक शब्द कोणाला काढता येत नाही.”

“कोणालाच नाही?”

“कोणालाच.”

आतून आल्या-लसणाचा खमंग वास आला. कट्ट्यावरून गोटीराम ओरडले, “वाचा की भाऊ मोठ्यान, काय ती वल!”

श्यामसुंदरने घसा साफ केला. कागद जरा लांब धरला.

“राहीबाईंना स्वतःला स्कूटर चालवता येत नाही, मात्र संध्याकाळी सगळ्या गाड्या गेल्यावर त्या रिकामे अंगण झाडतात.”