ग्राफवरची अर्धी मुलगी

माणूस: एक. अर्धा.

चादरीच्या डिझाइनचा ग्राफ कागद. अगदी उजव्या कडेला मुलगी. एक डोळा, एक वेणी, एक हात. पुढं कागदच नाही.

राक्षस: एक. पूर्ण. मुलीचा तो हात धरून ओढतोय. तोंड उघडं.

अर्थ:

फॉर्मच्या या रकान्यात समुपदेशक बाईंचं पेन थांबलं. हे चित्र काढणारी आठ वर्षांची सृष्टी आईकडे राहावी की वडिलांकडे, हा अहवाल त्यांना आज कोर्टात द्यायचा होता.

"मुलगी अर्धीच का काढली असेल?"

"भ्यालीय मॅडम. ह्यांना," सृष्टीची आई महेश्वरी म्हणाली.

"राक्षसाचं तोंड बघा की," तिचा बाप शरणबसव म्हणाला. "मिटतच न्हाय. कुणाचं हाय ते मी सांगायला पाहिजे व्हय?"

"आन् हात? ओढायची सवय कुणाला हाय?"

अर्थ: आई. (खोडलं.)

अर्थ: वडील. (तेही.)

बाईंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. शरणबसव चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढतो. तिथं ग्राफवर नक्षी अर्धीच काढतात. उरलेली अर्धी यंत्रमाग आरशातल्यासारखी उलटी करून विणतो. कागदाची कड म्हणजे चादरीचा मध्य. सृष्टी हे बापाच्या मांडीवर शिकली. आणि महेश्वरीनं सहा वर्षं त्याच्या शेजारी बसून ग्राफची घरं रंगवली होती.

म्हणजे विणलं तर:

राक्षस, मुलगी, राक्षस.

चित्र टेबलावर आलं तेव्हाच दोघांना कळलं होतं. दोघांनीही ते बाईंना सांगितलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

बाईंनी सृष्टीला आत बोलावलं. "हे अर्धं राहिलंय का गं?"

"पूर्ण हाय की. पप्पा, सांगा ना मॅडमना. अर्धंच काढायचं असतंय न्हवं?"

शरणबसवनं बायकोकडं पाहिलं. तिनं पदर सारखा केला.

"ते डिझाइनला, बाळा," तो म्हणाला. "चित्र पूर्ण काढायचं असतंय."

सृष्टी त्याच्याकडं बघत राहिली. एवढी नक्षी शिकवलेला माणूस असं कसं म्हणतो, ते तिला कळेना. मग तिनं मागितला तसा बाईंनी एक कोरा कागद दिला, तो तिनं कडेला चिकटवला. दुसरा डोळा. दुसरी वेणी. दुसरा हात. पेन्सिल थांबली.

"हितं हात धरायला कोण काढू?"

"मला," दोघं एकदम म्हणाले.

तिनं मान डोलावली. अंदाजानं मापं घेत, दात न् दात जुळवत, तिनं तोच राक्षस पुन्हा काढला.

बाईंनी दोन्ही राक्षसांचे दात ताडून पाहिले. मग त्यांनी फॉर्म उलटा ठेवला.

"मुलीला सांभाळेल असं तिसरं कुणी आहे का तुमच्यात?"

"ह्यांच्याकडचं कुणी नको, मॅडम," महेश्वरी म्हणाली.

"आन् हिच्याकडचं तर न्हाईच न्हाई."