पाकोळीतला श्वास

ध्वनिमुद्रणाचं काम बघणाऱ्या कुवाबारासानचा फोन आला तेव्हा पाच महिन्यांची नात्सुहो नुकतीच पदराआड झोपावी तशी फुमिनोच्या सैल स्वेटरात तोंड खुपसून झोपली होती. नव्या गायिकेची, ओरिएची एक ओळ बसत नाहीये, उद्या एकला या, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. बाळंतपणानंतरचं हे पहिलंच बोलावणं. फुमिनोने त्या रात्री तीनदा उठून उद्याचे काढून ठेवलेले कपडे बदलले.

तिचं काम कच्चं गाणं म्हणायचं. चाल तयार झाली की आधी तिच्या आवाजात कॅसेट निघायची. ती ऐकून ऐकून खरी गायिका गाणं पाठ करायची, आणि मग फुमिनोचा आवाज पुसला जायचा. शिवणातला कच्चा टाका शेवटी उसवायचाच असतो, तसं. नाव कुठे छापत नसत, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं. पण बोलावणं थांबलं की आपण उरतो किती, हा प्रश्न मात्र गेले पाच महिने दूध पाजताना रोज यायचा.

सासूबाईंनी निघताना बजावलं, ही बाटलीला तोंड लावत नाही, तीन तासांत ये. फुमिनोने वाटेत क्रीमपफचा खोका घेतला. रिकाम्या हाताने स्टुडिओत जायचं नसतं. स्टुडिओत कुठल्याही वेळी म्हणतात तसं दुपारच्या एकाला सगळ्यांना "सुप्रभात" म्हणत ती आत शिरली आणि वातावरण बघून तिचा आवाज खालीच आला.

उद्या सकाळी फीत तबकड्या काढायला कारखान्यात जायची होती. तारीख ठरलेली, पोस्टरं छापून झालेली. आणि ध्रुपदाच्या दुसऱ्या ओळीत ओरिए 'पाकोळी' हा शब्द मधोमध तोडून श्वास घेत होती. गीतकार काल येऊन ऐकून गेले होते आणि म्हणाले होते, माझं पाखरू उडता उडता ठेचकाळतंय. तेव्हापासून चाळीस वेळा झालं, पण श्वास काही जागचा हलेना. ओरिए वीस वर्षांची, हे तिचं तिसरं गाणं. पहिली दोन पडली होती. हेही गेलं तर चौथं नाही, असं कंपनीने स्वच्छ सांगितलं होतं. काचेपलीकडे डोळे सुजवून ती उभी होती आणि दर वेळी कमरेत वाकून म्हणत होती, माफ करा, माझीच सवय वाईट.

ध्वनिमुद्रक दोईसानने फीत लावली. ओळ आली, श्वास आला, आणि फुमिनोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो श्वास तिचा होता.

आठवा महिना होता तेव्हा. पोरीने बरगडीखाली पाय रोवला होता आणि ओळीच्या मध्येच दम संपला. पुन्हा घेते, असं फुमिनो म्हणालीही होती. कुवाबारासानने घड्याळ बघितलं होतं: कच्चंच तर आहे, राहू द्या. आता तो ते विसरला होता. ओरिए मात्र कॅसेट शेकडो वेळा ऐकलेली, तिला कळलं नसेल कसं? कळलं होतंच. पण वडीलधाऱ्या गायिकेवर बोट कसं दाखवायचं, म्हणून पोर कालपासून दुसऱ्याच्या चुकीची माफी मागत होती.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं, तर चुकीचं शिकवणाऱ्या बाईला पुन्हा कोण बोलावणार? फुमिनोने पाण्याचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"ती सवय तिची नाही," ती म्हणाली. "माझी आहे. माझ्या कॅसेटमधनं गेलीय."

कुवाबारासानला ते घड्याळ आठवलं असावं. तो उठला आणि वाकला. फुमिनो त्याच्याहून खाली वाकली. काचेपलीकडे ओरिए दोघांना बघून घाबरली आणि तीही वाकली.

"तिघांचं झालं असेल तर फीत फिरवू का?" दोईसान म्हणाला. "स्टुडिओवाला तासावर पैसे घेतो, नमस्कारावर नाही."

फुमिनो आत जाऊन ओरिएसमोर उभी राहिली. हात वर धरते, तो खाली येईपर्यंत श्वास घ्यायचा नाही, असं ठरलं. सहा वेळा झालं. सहाही वेळा हात वर असतानाच ओरिएचे खांदे उचलले गेले.

"एक विचारू, फुमिनोसान?" ओरिए हळूच म्हणाली. "तुम्ही तिथं श्वास का घेतलात? मला वाटायचं, तुम्हाला तिथं रडू आलं असेल. म्हणून मीही रोज तिथं रडायचं मनात आणून गाते."

"रडू कसलं गं. पोरीचा पाय अडकला होता बरगडीत."

ओरिए हसली, इतकी की कानावरचे हेडफोन घसरले. काचेमागे कुवाबारासानने हसू लपवायला तोंड वळवलं.

त्यानंतरही लगेच जमलं नाही. चार वेळा फसलं. फुमिनोचं दूध भरून आलं, स्वेटर ओला झाला. साडेचार वाजले होते आणि घरी बाटली नाकारणारी पोर होती. तिने डावा हात छातीशी घट्ट दाबला आणि उजवा वर धरून ठेवला. पाचव्या वेळी पाकोळी अखंड गेली, ओळीच्या टोकापर्यंत.

निघताना कुवाबारासानने फार कष्ट घेतलेत म्हणून आभार मानले. पुन्हा बोलावतो, हे मात्र म्हणाला नाही.

महिना गेला. कामाचा फोन आला नाही, बोलावण्यासाठी ठेवलेला पेजरही वाजला नाही. फुमिनो तो पेजर स्वयंपाकघरातून न्हाणीघरात, न्हाणीघरातून अंथरुणात नेत राहिली. नवऱ्याने थट्टा केली, जुळी झाली म्हणायची आपल्याला, एक रडतं आणि एक रडतच नाही.

गाणं बुधवारी प्रसिद्ध होणार म्हणजे दुकानात मंगळवारीच येणार. नात्सुहोला छातीशी बांधून ती नाकानो भागातल्या गाण्यांच्या दुकानात गेली. त्या गाण्याच्या लांबट पाकिटातल्या छोट्या तबकड्या दुसऱ्या फळीवर होत्या, शेजारी दुकानातल्या मुलीने रंगीत पेनाने लिहिलेली शिफारस. छतातून ओरिएचा आवाज सुरू झाला. पहिलं कडवं, मग ध्रुपद. आणि कमरेला पेजर थरथरला.

नंबर स्टुडिओचा होता. असा नंबर आला की लगेच फोन करायचा, नाहीतर काम यादीतल्या पुढच्या बाईकडे जातं. फुमिनोने एकदा छताकडे पाहिलं आणि दाराकडे धावली. समोरच्या हिरव्या सार्वजनिक फोनमध्ये कार्ड सरकवून तिने नंबर फिरवला.

"गुरुवारी मोकळ्या आहात?" कुवाबारासान म्हणाला. "नवीन चाल आहे. आणि या वेळी दम संपला तर सांगा. मी थांबेन."

"पोरीला घेऊन येईन," ती म्हणाली. विचारायचं होतं, पण सांगून गेली.

"आणा," तो म्हणाला. "फक्त ती काचेबाहेर."

ती दुकानात परतली तेव्हा ध्रुपद कधीच होऊन गेलं होतं आणि दुसरंच कुणीतरी गात होतं. नात्सुहो जागी होऊन तिची कॉलर चोखू लागली होती.

"चल," फुमिनो म्हणाली, "गुरुवारच्या आत बाटली शिकायचीय तुला."