चिठ्ठ्यांनी ठरलेले गट

रविवारी तिघं एकत्र स्वयंपाक करायची. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात निधी पोळ्या लाटायची, वेदांग भाजायचा आणि उर्जा भाजी करायची. जर्मनीत हॅनोव्हरला आल्यापासून हे असंच चाललं होतं. तिघंही रसायनशास्त्राच्या मास्टर्सला होती आणि प्रयोगशाळेतही तिघांचा एकच गट होता.

"नगरसेविकाबाई, बुधवारी सभेला यायलाच हवं का?" वेदांगने पोळी उलटत विचारलं. उर्जा हिवाळ्यात फाखशाफ्टवर, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळावर निवडून आली होती. मंडळात बाहेरच्या देशातली ती एकटीच.

"यायलाच हवं. माझा प्रस्ताव आहे."

"कशाबद्दल?"

"प्रयोगशाळेतल्या भेदभावाबद्दल."

"म्हणजे आपलं ते काच अडकणारं, धड वाफा न ओढणारं फ्यूमहूड बदलून मिळणार," निधी म्हणाली. "मग मी दोन्ही हात वर करीन."

"दोन्ही केलेस तर मत बाद," वेदांग म्हणाला.

उर्जा हसली. पुढचं तिने सांगितलं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे, सांगायची गरजच वाटली नाही.

सत्राच्या पहिल्या दिवशी मुलं आपापले गट करत. कोणी कोणाला नाही म्हणत नसे. बॅचलर्सपासूनचे मित्र एकमेकांकडे बघत आणि टेबलं भरून जात. भिंतीशी उभे उरत ते दर वेळी तेच: भारतीय, कॅमेरूनची क्लारिस, सीरियाचा एक मुलगा. नावं माहीत नसली तरी कातडीच्या रंगावरून ओळखता येतील असे. मग उरलेल्यांचे गट उरलेल्या टेबलांवर. आधीच्या वर्षांचे तपासलेले अहवाल मित्रांकडून मित्रांकडे जात, प्राध्यापकांकडच्या सहायकाच्या नोकऱ्यांची बातमीही तशीच जाई. भिंतीपर्यंत यातलं काही पोचत नसे. क्लारिस मागच्या सत्रात शिक्षण सोडून गेली. ती कोणावर चिडली नव्हती. चिडायला तिला कोणी सापडत नव्हतं.

उर्जाचा उपाय साधा होता. गट चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. मंडळाची अध्यक्ष लेना हिच्याबरोबर बसून तिने मसुदा केला, प्रयोगशाळेच्या प्रमुखांना भेटली, सीरियाच्या मुलाला विचारलं, अगदी काचसामान देणाऱ्या बाईंनाही विचारलं.

बुधवारी व्याख्यानगृह अर्धंअधिक भरलं होतं. वेदांग आणि निधी मागच्या बाजूला बसले होते. लेनाने प्रस्ताव वाचला तेव्हा उर्जाचं लक्ष आपल्या कागदांकडे होतं, त्यामुळे त्यांचे चेहरे तिला दिसले नाहीत.

"कोणी मुद्दाम करतं असं माझं म्हणणं नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली. "तेल आणि पाणी वेगळं व्हायला कोणी लागत नाही. एकत्र राहायचं असेल तर हलवत राहावं लागतं."

"किंवा साबण घालावा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. उर्जालाही हसू आलं. हे लोक ऐकतायत, असं तिला वाटलं.

मग एक उंच मुलगा उभा राहिला. "ज्यांच्यासाठी हे करायचं, त्यांना ते हवंय का?" त्याने खवचटपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माना वळल्या, वेदांग आणि निधी बसले होते तिकडे.

वेदांग उभा राहिला. उर्जाने निर्धास्तपणे त्याच्याकडे पाहिलं.

"आम्हाला हे आज इथे कळलं," तो सावकाश, शब्द जुळवत म्हणाला. "आमचा गट चांगला आहे. आम्ही तिथे एकमेकांशी बोलतो." एवढं म्हणून तो खाली बसला.

कोणी हसलं नाही. लेनाने उर्जाकडे पाहिलं. प्रस्ताव मागे घ्यायचा असेल तर तीच वेळ होती. मागे घेतला असता तर कोणीही तिला नावं ठेवली नसती, आणि रविवारच्या पोळ्या पूर्वीसारख्याच झाल्या असत्या.

"त्याचं खरं आहे," उर्जा म्हणाली. "मी त्यांना विचारलं नव्हतं. पण पुढच्या सत्रात भिंतीशी उभं राहावं लागेल, ती मुलं आज या खोलीत नाहीत. प्रस्ताव मी मागे घेत नाही."

हात वर झाले. विरोधात बरेच, बाजूने त्याहून थोडे जास्त. तटस्थ कोण, असं विचारल्यावर दोघांचे हात वर झाले. प्रस्ताव मंजूर झाला तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकं ठोकली. तो आवाज उर्जाला आवडायचा. मागच्या बाकावर मात्र निधी दप्तराची चेन लावत होती.

जिन्यात उर्जाने त्यांना गाठलं.

"अख्ख्या विभागाला विचारलंस," निधी म्हणाली. "काचसामानवाल्या बाईंनासुद्धा. आम्हालाच नाही."

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही आपलेच."

"म्हणूनच विचारायचं होतं."

"गट मोडला तर शिकायला तरी मिळेल, निधी. जुने अहवाल, ओळखी..."

"मिळेल. मला माहितीये ते. तू बरोबरच आहेस, तो प्रश्नच नाही." निधीचा आवाज चढला नव्हता. "दिवसभर जर्मन ऐकून डोकं भणभणतं. ती एक खोली होती जिथे मी 'अगं ते दे ना' म्हणू शकत होते. ती तू सभेत मांडलीस आणि मताला टाकलीस."

वेदांग खाली उतरून गेला होता.

त्यानंतरच्या रविवारी उर्जा भाजी घेऊन गेली तर स्वयंपाकघर रिकामं होतं. ओटा पुसलेला होता. त्यांनी आधीच जेवून घेतलं होतं. तिने एकटीपुरता भात लावला.

नव्या सत्रात चिठ्ठ्या निघाल्या. उर्जाच्या गटात योनास आणि आणखी एक मुलगी आली. योनास व्यवस्थित होता, प्रत्येक मापाला "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचा. ती दोघं आपसांत फुटबॉलबद्दल बोलायची आणि मध्येच थांबून तिच्यासाठी विषय बदलायची, हवामानावर यायची. त्यांनी विषय बदलला नसता तर बरं, असं तिला वाटायचं. भिंतीशी आता कोणी उभं नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी पाहून घेतलं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर निधी काहीतरी समजावून सांगत होती, आणि एक जर्मन मुलगा ते मान खाली घालून लिहून घेत होता. उर्जाला फार बरं वाटलं. ते सांगायला कोणी नव्हतं.

दुपारी मिश्रण उकळत ठेवून ती बाहेर आली. इमारतीच्या दाराशी वेदांग सँडविच खात उभा होता. आत परत जाता येणार नाही इतक्या जवळून दोघांनी एकमेकांना पाहिलं.

"कशी आहे पार्टनर?" उर्जाने विचारलं.

"बोलते. खूप बोलते. अर्धं कळत नाही." तो जरासा हसला. "काल जुने अहवाल पाठवले तिने. न मागता."

"चांगलंय."

"हो. चांगलंय."

एक ट्राम थांबली आणि निघून गेली. वेदांगने सँडविचचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"आम्ही रागावलेलो नाही, उर्जा," तो म्हणाला. "पण रविवारी इतक्यात येऊ नकोस. निधीला थोडा वेळ दे."

"बरं."

"मी सांगेन तुला."

"बरं."

दोघांना एकाच प्रयोगशाळेत जायचं होतं. तो आधी आत जाऊ दे म्हणून ती दारापाशी थोडी थांबली.