उतरवून ठेवलेली वाऱ्याची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. धान्याची नव्हे, बाजाराचीही नव्हे. विमान उतरायच्या माळावर उंच काठीला बांधतात, ती वाऱ्याची पिशवी. माझी दोन्ही तोंडं उघडी. वारा आत शिरला की मी फुगते आणि माझं शेपूट बघून वरच्या माणसाला कळतं, वारा कुठून कुठे चाललाय. विमानानं वाऱ्याला सामोरं उतरावं, पाठीवर वारा घेऊन उतरू नये. मला एवढंच शास्त्र ठाऊक आहे.

माझा जन्म निजामाच्या राज्यात, जळकोटला झाला. तिथले जमीनदार विरुपाक्ष मालक हैदराबादेत विमान चालवायला शिकले आणि मोठी लढाई संपल्यावर एक लहानसं विमान घेऊन आले. त्यांच्या पत्नी शिवगंगाबाई यांनी मला आपल्या लग्नातल्या तांबड्या इरकली लुगड्यातून शिवलं. गाव चेष्टा करी, "मालक उडत्यात सायबावानी, अन् उतरत्यात बायकूच्या पदराकडं बघून!" मालक हसून म्हणत, "खरंच हाय की!" मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग चैत्रातली ती दुपार आली. मालक सकाळी उडाले तेव्हा वारा पूर्वेचा होता. दुपारी तो फिरला आणि पश्चिमेकडून झोतावर झोत येऊ लागले. मी काठीवर फडफडत होते, माझी एक शिवण उसवू लागली होती. शिवगंगाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. धनी बाहेर असताना लग्नाचं लुगडं फाटणं म्हणजे अपशकुन. माळाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या बंडप्पाला त्या म्हणाल्या, "उतरवा तिला."

"आक्का, तिला हात लावू नगा म्हणलंय मालकांनी."

"मालक वर हायती अन् माझं लुगडं फाटतंय, हे बरं न्हाय. वारं पडलं की पुन्हा चढवू."

बंडप्पानं दोरी सोडली. मी खाली आले. बाईंनी मला घडी करून छातीशी धरलं.

थोड्याच वेळात विमानाचा आवाज आला. ते नुसत्या काठीभोवती अगदी खाली येऊन फिरलं, पुन्हा फिरलं. मालक मला शोधत होते. खाली माळावर धुरळा असा गरगरत होता की वारा कुठला ते दुसऱ्या कशावरून कळण्यासारखं नव्हतं. शेवटी ते सकाळच्या वाऱ्याच्या हिशेबानं उतरले. वारा पाठीवर होता. चाकं टेकता टेकता एका झोतानं एक पंख उचलला, दुसरा जमिनीत रुतला आणि विमान उलटलं.

मालकांना बैलगाडीतून तुळजापूरच्या दवाखान्यात नेत होते. ते वाटेतच गेले.

शिवगंगाबाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "बंडप्पा, वारं कुणीकडनं होतं?" बंडप्पानं मावळतीकडे बोट दाखवलं. लोक म्हणाले, वाऱ्यानं घात केला. दिवसकार्य झाल्यावर बाईंनी माझी उसवलेली शिवण पुन्हा घातली, कडुनिंबाचा पाला पसरून मला ट्रंकेत ठेवलं आणि झाकण लावलं. तेव्हापासून मी इथेच आहे. दरवर्षी पाला बदलला जातो. मला काही वाटत नाही. कापडाला वाटावं तरी काय?

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण तिच्या कामावरून ओढून काढून तिला जपू नका. त्या दुपारी मी फाटले असते, तरी माझ्या चिंध्यांनी मालकांना वारा दाखवला असता.