गाठीत निघाला जंत

खोकला काही केल्या हटेना म्हणून टेलरमास्तरांनी छातीचा फोटो काढला, तर उजव्या फुफ्फुसात नाण्याएवढी गाठ दिसली. "कॅन्सरच वाटतोय. काढून टाकू," सर्जन म्हणाले.

बायकोने परस्पर त्यांच्या थोरल्या बहिणीला फोन केला. बहीणभावाचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा ताई अर्ध्या वाटेवर होती. मास्तरांनी तिच्यासाठी न थांबता आईला नेलं. ताई पोहोचली ती रिकाम्या खाटेपाशी. तेव्हापासून तिने भावाचं तोंड पाहिलं नव्हतं.

आता मात्र ती आली ती थेट त्यांच्या उशाशी बसली. "झालं गेलं जाऊ दे रे," म्हणाली. सूप भरवलं, पाय चेपले. लहानपणी दोघांनी मिळून आईची नवी चादर कातरली होती, ते आठवून पोट धरून हसली.

"या दुखण्याने माझी बहीण परत दिली बघ," मास्तर बायकोला म्हणाले.

ऑपरेशन झालं, तुकडा तपासणीला गेला. रिपोर्ट घेऊन सर्जन हसतच आले. "कॅन्सर नाही! मेलेला जंत निघाला. कुत्र्यांच्या हृदयात होतो हा. डासामार्फत एखाद्या वेळी माणसात येतो, फुफ्फुसात अडकून मरतो. त्याचीच गाठ झाली होती."

बायकोला रडूच फुटलं.

ताईने विचारलं, "म्हणजे हा मरणार नव्हताच?"

"छे! गाठ तशीच राहिली असती तरी काही बिघडलं नसतं."

ताईने हातातली वाटी खाली ठेवली आणि पिशवी भरायला घेतली.

"ताई, अगं, आनंदाची बातमी आहे!"

"आहेच की. खूप जग." तिने वर पाहिलं नाही. "मरणाऱ्याशी काय दावा धरायचा, म्हणून आले होते. तू तर ठणठणीत आहेस."

टाके सुकले. मास्तर पुन्हा मशीनवर बसू लागले; जिना चढताना धाप तेवढी लागायची. ताईने फोन उचलले नाहीत. तिच्या दारात जाऊन उभे राहिले, तर तिने आतून कडी लावून घेतली.

शेवटच्या तपासणीला सर्जन म्हणाले, "एकदम स्वच्छ. आता यायची गरज नाही."

शर्टाची बटणं लावता लावता मास्तर थांबले. "डॉक्टर, पुन्हा होऊ शकतं का?"

"अहो, घाबरता कशाला? काही होत नाही तुम्हाला!"

बायको बाहेर ताटकळत होती. "काय म्हणाले?"

"काही नाही निघालं," मास्तर म्हणाले आणि तिच्या पुढे चालू लागले.