दिवसाला एकच सेल्फ

"थांबा जी काकाजी! चावी फिरवू नका!"

मोटरसायकल उभी करायच्या आधीच मी ओरडलो. नत्थूकाका गाडीत बसून चावी फिरवणारच होते. दचकून त्यांनी हात मागे घेतला.

"अगा, गरम करून ठेवत होतो तुह्यासाठी."

"तेच तं नाही करायचं जी!"

लोकांना हे समजावता समजावता माझे केस पिकले. थंडीत गाडी चालू होत नाही, ही तक्रार गॅरेजमध्ये पाहता येत नाही. रात्रभर उभी राहून गाडी गारठलेली हवी आणि पहिला सेल्फ माझ्या डोळ्यांसमोर लागायला हवा. एकदा इंजिन तापलं, की ती दिवसभर शहाण्यासारखी वागते. म्हणजे दिवसाला एकच सेल्फ माझ्या कामाचा. तो हुकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे या.

मी केवळराम. तुमसरला राईस मिलच्या मागे माझं गॅरेज आहे. नत्थूकाकांचं गाव तिथून अकरा किलोमीटर. गाडी पंधरा वर्षं जुनी, डिझेलची, सात माणसांची. बसणारी माणसं दोनच, काका आणि सुंदरकाकू.

त्या पहिल्या दिवशी दहा-बारा सेल्फ मारले, तेव्हा कुठे ती खोकत, पांढरा धूर सोडत चालू झाली. इंजिनचा पिवळा दिवा तसाच पेटलेला. स्कॅनर लावला, तर कोड निघाला हीटर प्लगच्या सर्किटचा. थंडीत इंजिनाला आतून ऊब देतात ते हीटर प्लग.

"चौदा तारखेले तं चालू होईन ना, बाबू?" काकूंनी दारातून विचारलं.

चौदा तारखेचं मग त्यांनीच सांगितलं. लेक दामिनी बिलासपूरला दिलेली. जावयाची बदली झाली पुण्याला. चौदाच्या सकाळी त्यांची रेल्वे तुमसर रोड स्टेशनवर सहा दहाला येणार, दोन मिनिटं थांबणार. नातू आठ महिन्यांचा. बारशाला पाहिला, तेवढाच. मोटरसायकलवर काकूंना बसता येत नाही, कमरेचं हाड मोडलेलं. एसटी सातशिवाय येत नाही.

"दोन मिनिटं तं दोन मिनिटं," काकू म्हणाल्या. "एक डाव हातात घेतलं का झालं."

"मी आहो ना जी," मी म्हणालो. मोठा शहाणा!

मग काकूंनी मला चुलीजवळ बसवलं. चहा दिला, रात्रीचा भात फोडणी घालून दिला.

"घरी कोण कोण आहे?"

"मीच आहो. रुखमाले जाऊन दोन वर्सं झाले."

"अरे बाप्पा! मंग जेवतं कोठं?"

दोन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक विचारतं, गाडी कधी देता. त्या पाटावर बसून मी ताटलीतलं शेवटचं शीतही वेचून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दोष सापडला. हीटर प्लगला करंट देणारा रिले उघडला, तर आतले पॉइंट जळून काळे. दहा मिनिटांचं काम. सामान तुमसरात मिळतं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "उद्या येशीन तं लाखोरीच्या डाळीचे वडे करीन."

आणि मी बोलून गेलो, "हो जी, आणखी एक डाव थंडी पाहा लागते."

झालं. तिसऱ्या दिवशी वडे, चौथ्या दिवशी वांग्याची भाजी, पाचव्या दिवशी नुसत्याच गप्पा. मी रोज पहाटे स्कॅनर लावायचो, त्याच्याकडे गंभीर तोंड करून पाहायचो आणि मान हलवायचो. शेवटचे दोन दिवस तर सेल्फसुद्धा मारू दिला नाही. "इंजिन पुरतं थंड होऊ द्या, हात लावू नका," असं ठोकून दिलं. काका बिचारे गाडीजवळ कोणाला फिरकू देईनात. काकू हसून म्हणायच्या, "या गाडीपायी आमाले रोज पाहुणा भेटून राहिला." मला लाज वाटायची. पण वाटेत पुन्हा उद्याचा विचार सुरू व्हायचा आणि लाज मागे पडायची.

माझा हिशेब सरळ होता. नवा रिले खिशात होता. चौदाच्या पहाटे बसवायचा, पहिल्या सेल्फला गाडी चालू करायची, काका पाठीवर थाप मारणार आणि म्हणणार, चल तूही, पोरगी भेटीन. मी धुतलेला सदरा घातला होता.

पाच वाजता पोचलो. काकू तयार होऊन ओसरीवर बसलेल्या, मांडीवर डबा आणि विणलेला स्वेटर. मी रिले बसवला. टिक् आवाज आला, डॅशबोर्डवर हीटरचा दिवा लागला आणि वेळेवर विझला. छाती फुगली माझी.

"मारा जी सेल्फ!"

इंजिन फिरलं. पेटलं नाही.

"आणखी मारा."

नाही. पाचवा, सहावा, दहावा. धूरही नाही. सेल्फचा आवाज जड होत गेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बॉनेटखाली डिझेलचा रबरी हातपंप असतो, तो दाबला, तर पोकळ. पाइपला कुठेतरी बारीक चीर होती. तिथून हवा शिरत होती आणि उभ्या गाडीतलं डिझेल टाकीकडे परत उतरत होतं. स्कॅनर हे सांगत नाही, त्याला फक्त तारा समजतात. रोज गाडी चालू व्हायची तोवर थोडं डिझेल टिकायचं. दोन दिवस मी तिला हातच लावू दिला नाही आणि सगळं उतरून गेलं. रिले दुसऱ्याच दिवशी बदलला असता, तर तिसऱ्या दिवशी हा दुसरा दोष हाती आला असता. चार सकाळी होत्या माझ्याकडे. चारही मी चुलीजवळ बसून घालवल्या.

हातपंप दाबून दाबून भरला, पण बॅटरी संपलेली. "धक्का मारणारे बोलवा जी," मी म्हणालो. पाच चाळीस झाले होते. धानाच्या चुरण्यासाठी, म्हणजे मळणीला, माणसं पहाटेच शेतावर गेलेली.

"काकाजी, तुम्ही तरी चला माह्या मोटरसायकलवर."

"तिले सोडून?"

"जा ना तुम्ही," काकू म्हणाल्या. "मी नाही पाहिलं तं काय झालं?"

काका गेले नाहीत. सहा बाराला फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, कोठं आहा जी? मी दारात उभी आहो. पोरगा जागाच आहे. तुम्ही दिसून नाही राहिले."

काकांनी फोन काकूंपुढे धरला. काकूंनी फोन घेतला.

"आलो ना बेटी. टेशनच्या पुलावर आहो. धुकं हाय, तुले दिसत नसन. आमाले दिसला तो. हात हालव त्याचा."

"हालवून राहिली आई. दिसला?"

"दिसला, दिसला. मोठा झाला वं माय!"

रेल्वेची शिटी फोनमधून ऐकू आली. काकूंनी फोन हळूच पायरीवर ठेवला.

साडेसहाला चार माणसं मिळाली, धक्का मारला, इंजिन पेटलं. कोणी आत बसलं नाही.

मला राहवेना. "काकाजी, रिलेचं मले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"इथं येणं बंद झालं असतं जी."

काकांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय धरले असते. काकू भिंतीला धरत धरत उठल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी नवा पाइप घेऊन गेलो. तो बसवला, बॅटरी चार्ज करून दिली आणि रात्रभर गाडी उभी ठेवायला सांगितली. खरा सेल्फ त्याच्या पुढच्या पहाटे लागला. चावी फिरवली मात्र, गाडी चालू. धूर नाही, दिवा नाही. चुलीचा धूर कौलांवर दिसत होता. आतून कोणी हाक मारली नाही.

"बेस झालं, बाबू," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आता एवढ्या थंडीत तुले यायचं काम नाही."

"हो जी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चारला जाग आली. पडून राहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मोटरसायकल काढली आणि गावाबाहेरच्या तळ्याजवळ, वळणावर थांबलो. पुढे गेलो नाही. सहाच्या सुमारास काकांच्या अंगणातून आवाज आला. एकच सेल्फ, गाडी चालू. एक मिनिट चालली, मग बंद केली त्यांनी.

मी कान देऊन ऐकलं. काहीही दोष नव्हता.