पहिला फेटा कोणाचा?

मित्रांनो, तुम्ही आता चकचकीत पांढऱ्या फळ्यांवर शिकता. मी त्यांच्या आधीचा, पारनेरच्या एका हायस्कुलातला काळा लाकडी फळा. माझे बोलणे तुम्हाला आवडेल की नाही, मला शंकाच आहे. सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवले आणि गोरक्षनाथ सरांनी माझ्यावर पुष्कळ वर्षे गणित शिकवले. तपासणीला आलेले साहेब माझे कौतुक करायचे. मग नवे फळे आले आणि मी अडगळीत गेलो. निवृत्त होताना सरांनी मला मागून घरी नेले.

घरी ते संसारातली कोडी माझ्यावर सोडवू लागले. डब्यातला शेवटचा लाडू प्रत्येक जण निम्माच घेतो, म्हणून तो कधीच संपणार नाही, असे त्यांनी सिद्ध केले. त्यांच्या पत्नी सविताबाईंनी तो उचलून तोंडात टाकला.

पुढे त्यांच्या लेकीचे, रेश्माचे, लग्न ठरले. सरांचे थोरले भाऊ भागवतदादा विहिरीच्या पाण्यावरून अबोला धरून होते. रेश्माने स्वतः जाऊन त्यांना राजी केले. दादाने मांडवात बसावे, पंगतीत जेवून जावे, एवढेच सरांना हवे होते. पण मानाच्या फेट्यांवरून घोळ झाला. दादा रेश्माच्या मामांच्या मागे राहीनात, मामा व्याह्यांच्या मागे राहीनात आणि व्याही दादांच्या मागे राहीनात.

सरांनी माझ्यावर तीन नावे लिहून बाण काढले. बाण फिरून पहिल्या नावापाशीच आले.

"असा क्रम असूच शकत नाही! सिद्ध झालं!" सर ओरडले.

"अहो, आनंद कसला होतोय तुम्हाला? परवा हळद आहे!" सविताबाई म्हणाल्या.

मग सरांनी तोड काढली. खुर्च्या गोल मांडायच्या आणि तीन फेटेवाल्यांनी एकाच वेळी फेटे बांधायचे. सगळ्यांना हे पटावे म्हणून त्यांनी मलाही टेम्पोत घालून मांडवात नेले.

फेटे बरोबर सुरू झाले. पण आमच्याकडे माईकवरून नाव पुकारल्याशिवाय मान पोचत नाही, आणि पुकारणाऱ्याला तोंड एकच. त्याने आधी मामांचे नाव घेतले. भागवतदादा अर्धा फेटा लोंबत ठेवून उठले.

सर खडू घेऊन मागे धावले. "दादा, ऐक तरी! वर्तुळाला सुरुवातच नसते!"

"तुझ्या वर्तुळाला नसंल, भावकीला अस्ती. आता त्यो फळाच बशीव जेवाया!"

फेटा खुर्चीवर टाकून दादा मोटारसायकलवरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सर त्यांच्या दारात गेले. "घरात कुनी न्हाई," असे आतून दादांनीच सांगितले. सरांनी परत येऊन ते वाक्य माझ्यावर लिहिले आणि ते खरे मानावे की खोटे, याचा विचार करत उभे राहिले. त्याखाली अजून दुसरी ओळ पडलेली नाही.

मित्रांनो, जुन्या फळ्यांना जपा, ओल्या फडक्याने पुसत जा. माणसे कशी जपावीत, हेही शेवटी सांगायला हवे; पण तेवढे माझ्यावर कधी कोणी लिहिलेच नाही.